दिनाराच्या देशात ‘श्यामची आई’

बहरीनमध्ये पगार जमा झाला की आपण प्रथम दिनाराचा रुपयांतला भाव पाहतो. त्यात गैर काही नाही. त्यासाठीच तर आलो. मात्र याच सवयीने माणसेही मोजली जाऊ लागतात.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ आपण मातृप्रेमाची कथा म्हणून मुलांच्या हाती देतो. वस्तुतः ती तितकीच कर्जाचीही कथा आहे. सावकाराचे देणे घराची अब्रू कशी पोखरते, हे वाचक तेथे एका मुलाच्या नजरेने पाहतो. आखातातील कित्येक मजूर एजंटाचे पैसे भागवण्यासाठी कर्ज काढून आलेले असतात. ती बातमी वाचून आपण पुढे सरकतो. श्यामच्या घरातले कर्ज अनुभवलेल्या मुलाला मात्र त्या बातमीमागचे घर दिसू शकते.

२०१३ साली ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ललित कथा वाचणाऱ्यांनी केवळ डोळ्यांच्या छायाचित्रांवरून भावना अधिक अचूक ओळखल्या. पुढे इतर संशोधकांना तोच परिणाम आढळला नाही. एका बैठकीत मन पालटेल, ही अपेक्षाच भाबडी होती! दीर्घकाळच्या वाचनाशी समानुभूतीचे नाते मात्र आढळते, जरी ते माफक असले तरी.

येथे वाढणाऱ्या ज्या मुलांना देवनागरी जड जाते, त्यांना आईवडिलांनी वाचून दाखवावे. या पुस्तकाची प्रकरणे ‘रात्रीं’तच विभागलेली आहेत; रोज एक पुरे.