घंटा नाशिकला, रोझरी नंदाखालला

लेखमाला : देव आणि देऊळ (भाग 6)

मोठ्या आवाजाच्या माणसाला आपण ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतो. ती घंटा गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर अजून टांगलेली आहे. ती ओतली गेली 1721 साली, पोर्तुगिजांसाठी. चिमाजी अप्पांनी मे 1739 मध्ये वसई घेतल्यावर चर्चमधल्या अशा अनेक घंटा विजयाच्या खुणा म्हणून देशावर गेल्या. एक वाईजवळच्या मेणवलीत आहे, तिच्यावर 1707 साल आहे. इतिहासाची पुस्तकं त्या घंटांबरोबर घाट चढून जातात. आपण आज खालीच थांबू. ज्या गावांतून घंटा गेल्या, तिथे त्या दिवसापासून संध्याकाळ कशी होत असेल?

नंदाखाल हे अशाच मुलखातलं गाव. विरारच्या पश्चिमेला, आगाशी आणि निर्मळच्या शेजारी, केळीच्या वाड्यांचं. 1534 च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि त्यानंतर फ्रान्सिस्कन, जेझुइट असे संघ इथे आले. धर्मांतराच्या त्या काळात सत्तेचा धाक होता, आमिष होतं आणि मनापासूनची ओढही होती. कोणाच्या घरात कशाचा वाटा किती, हे आज कोणी सांगू नये. पण दोनशे वर्षांनी एक चोख कसोटी आली. राजा गेला, त्याचे सरदार गेले, युरोपीय धर्मगुरू गोव्याकडे निघून गेले. मागे राहिले मोजके देशी पाद्री आणि वाडीत राबणारी माणसं. ज्या धर्माला राजाश्रय होता म्हणून तो वाढला असं म्हणतात, तो राजाश्रय संपल्यावर काय करतो?

मराठ्यांनी उपासनेला मुभा दिली होती, हे आधी नोंदवायला हवं. छळाची कहाणी रंगवण्याचा मोह इथे अनेकांना होतो, पण ती खरी नव्हे. प्रश्न छळाचा नव्हताच. पोरकेपणाचा होता. ख्रिस्ती राहण्यात आता फायदा काही उरला नव्हता, आणि तरी बहुतेक घरं ख्रिस्ती राहिली.

ती कशी राहिली, याचं उत्तर मला एका शब्दात दिसतं. नंदाखालच्या परिसरातले सामवेदी ख्रिस्ती स्वतःला ‘कुपारी’ म्हणवतात. हा शब्द पोर्तुगीज ‘कोंपाद्रे’वरून आला असं सहसा मानलं जातं. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला हातावर घेणारा धर्मपिता आणि मुलाचा जन्मदाता बाप यांचं एकमेकांशी जे नातं जुळतं, ते हे. पाहा, समाजाने स्वतःला ना पोपचं नाव घेतलं, ना पोर्तुगालच्या राजाचं. त्याने नाव घेतलं दोन शेजाऱ्यांमधल्या सोयरिकीचं. पाद्री नसला तरी ती सोयरीक मोडत नाही. पोर आजारी पडलं, त्याच्यासाठी रोझरी म्हणायची आहे, अशा वेळी धर्मपित्याला गोव्याहून परवानगी आणावी लागत नाही.

कॅथलिक शिकवणुकीतही याला जागा आहे, ही गोष्ट कॅथलिकांनाही नेहमी आठवत नाही. मिस्सेला अभिषिक्त धर्मगुरू लागतो, पापनिवेदनालाही लागतो. पण अडीअडचणीला बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतो. सुईण देऊ शकते, शेजारी देऊ शकतो. फक्त पाणी हवं, ते ठरलेले शब्द हवेत आणि हेतू प्रामाणिक हवा. संस्थेने स्वतःच ही एक खिडकी उघडी ठेवली आहे.

त्या खिडकीतून किती उजेड येऊ शकतो, हे पाहायला जपानला जावं लागतं, आणि तिथेही वसईचाच माणूस भेटतो. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत क्रुसावर मारले गेले. 1862 साली ते संत ठरले. 1614 मध्ये जपानने ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. पुढे धर्मगुरू उरलेच नाहीत. सव्वादोनशे वर्षं कोळी आणि शेतकरी घरातल्या घरात बाप्तिस्मे देत राहिले, प्रार्थना तोंडपाठ सांगत राहिले. 17 मार्च 1865 रोजी नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये उराकामी गावची काही माणसं आली आणि तिथल्या फ्रेंच पाद्र्याला त्यांनी हळूच आपली ओळख सांगितली. गार्सियांच्या मायभूमीवर एवढी पाळी आली नाही. पण इथलंही बळ त्याच जातीचं होतं: घर, आजी, पाठांतर.

इथे एक खोडा घालतो. संस्था डळमळली की उरते ती निर्मळ श्रद्धा, असं समजणं भाबडेपणाचं आहे. घराने रोझरी जपली तशी जातही जपली. सामवेदी, वाडवळ, कोळी यांच्या वेगवेगळ्या चुली बाप्तिस्म्याच्या पाण्याने एक झाल्या नाहीत. ज्या हातांनी प्रार्थना सांभाळली, त्याच हातांनी सोयरिकीच्या सीमाही सांभाळल्या. मागच्या आठवड्यात आपण पंडिता रमाबाईंना पाहिलं. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेऊनही चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे त्यांनी मान तुकवली नाही. त्यांचा वाद उघड होता, पत्रांतून होता. नंदाखालकरांनी वाद घातला नाही, ते बाहेरही पडले नाहीत. मला ही तिसरी वाट जास्त अवघड वाटते, कारण तिच्यात टाळ्या नाहीत.

मिस्सा तर लॅटिनमध्ये होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1965 च्या पुढेमागे, ती मराठीत ऐकू येऊ लागली. तोवर समजून केलेली प्रार्थना म्हणजे मुख्यतः घरची प्रार्थना. याच नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (1942-2024) पुढे ‘सुबोध बायबल’ लिहायला बसले, ते मला योगायोगाचं वाटत नाही. धर्मगुरूचा झगा न उतरवता ‘सुवार्ता’ मासिकातून आणि हरित वसईच्या लढ्यातून ते बोलत राहिले. 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं, तेव्हा पाद्री आहेत म्हणून बाहेरच्यांनीच आक्षेप घेतले.

चर्चच्या कारभाराची गंमत वेगळीच. वसईच्या भाविकांचे बिशप कधी गोव्यात, कधी दमणला, कधी मुंबईत. मुंबई परिसरात तर 1794 पासून 1928 पर्यंत पोर्तुगीज पाद्रोआदो आणि रोमची प्रोपागांडा अशा दोन अधिकारांची ओढाताण चालली. कुठलं चर्च कोणाचं यावरून भांडणं झाली. वसईला स्वतःचा धर्मप्रांत मिळाला तो 1998 साली.

आज धक्का बसतो तो वेगळ्या दिशेने. जगभरातून धर्मगुरूंनी केलेल्या अत्याचारांच्या बातम्या आल्या. 20 ऑगस्ट 2018 च्या पत्रात पोप फ्रान्सिस यांनी दोष पाद्रीशाहीच्या वृत्तीला दिला आणि प्रापंचिकांना साद घातली. ते पत्र वसईच्या एखाद्या आजीने वाचलं असतं, तर तिला त्यात नवं काय वाटलं असतं, हा माझा आवडता प्रश्न आहे. पाद्री आहे की नाही, चांगला आहे की नाही, हे न विचारता दिवेलागणीला घरच्यांना वेदीपुढे बसवणं हे तिच्या पणजीच्याही आधीपासून चालत आलं आहे. जुनी माणसं इथे चर्चला देऊळच म्हणतात. बोलताना ‘देवळात’ म्हटलं की नेमकं कुठे, हे संदर्भावरूनच कळतं.

पुढच्या आठवड्यात साताऱ्याला जाऊ. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ना. वा. टिळकांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही बसायला जागा ठेवली.