काळ्या मातीमागून दक्षिणेस गेलेले तेलुगु शेतकरी



मदुरेहून तिरुनेलवेलीकडे आगगाडीनें जाणाऱ्या मराठी यात्रेकरूस वाटेंत एक नवल दिसतें. भातखाचरें मागें पडतात आणि कोविलपट्टीच्या सुमारास खिडकीबाहेर थेट सोलापूर-बार्शीकडली वाटावी अशी काळी, भेगाळलेली जमीन सुरू होते. रामेश्वर करून कन्याकुमारीस जातांना मीं ती प्रथम पाहिली. समोर एक वृद्ध शेतकरी दांपत्य बसलें होतें. नवराबायको आपसांत तेलुगूंत बोलत. तिकीट-तपासनिसाशीं ते गृहस्थ तमिळांत बोलले, आणि हातांतलें वर्तमानपत्रही तमिळच होतें. आपलें मूळ गांव कोणतें, असें मीं मोडक्या इंग्रजींत व खुणांनीं विचारलें. त्यांनीं बोट केलें तें बाहेरच्या काळ्या रानाकडे. माझा प्रश्न त्यांस कळला नाहीं, असें मला तेव्हां वाटलें.

कम्मा, रेड्डी इत्यादि तेलुगु शेतकरी जातींचीं कुटुंबें तमिळ मुलखांत गेलीं तीं एकाच लाटेनें नव्हे. विजयनगरचा राजपुत्र कुमार कंपण यानें चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मदुरा जिंकली. पुढें १५२९ च्या सुमारास विश्वनाथ नायक तेथील कारभार पाहूं लागला, आणि त्या नायकांच्या अमलांत मुलूख पाळेगारांत वांटला गेला. पाळेगारांपैकीं पुष्कळ जण तेलुगु होते. शिपायाच्या मागून शेतकरी आला. कित्येकदां तर शिपाई आणि शेतकरी एकच.

पण राज्य आपलें झालें म्हणजे शेत पिकतें असें नाहीं. नदीकांठच्या व तळ्यांखालच्या सुपीक भातजमिनी पिढ्यान्‌पिढ्या स्थानिकांच्या वहिवाटींत होत्या. उरली ती काळी जमीन. पावसांत तिचा चिखल होतो, उन्हांत ती दगड होते, आणि तळ्याच्या पाण्यावर भात लावणाऱ्यास ती परकीच वाटते. रायलसीमेच्या शेतकऱ्यास मात्र अशी जमीन घरची. नांगरून तापूं द्यावयाची, कुळवून ओल धरावयाची, ज्वारी, बाजरी आणि कापूस घ्यावयाचा, हें ज्ञान त्याच्या हातांत होतें. आपल्याकडील कुणब्यास यांत नवें कांहींच सांगावयास नको. फरक एवढाच कीं, तेथील भिस्त जून-जुलैवर नसून ऑक्टोबर ते डिसेंबर या काळांत पडणाऱ्या ईशान्य मोसमी पावसावर. माती ओळखीची, आभाळ अनोळखी! पेरणीचा सगळा हिशेब या लोकांस नव्यानें मांडावा लागला.

जुन्या हकीकतींत ही जमीन ओसाड होती असें म्हणतात. हें वसाहत करणाऱ्याचें वर्णन झालें. तेथें गुरें चारणाऱ्यास ती ओसाड नव्हती. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाहीं. कोइमतूरकडे शेती विहिरींवर चाले, आणि विहिरीस मोट लागे. ती कातड्याची मोट शिवणारे व दुरुस्त करणारे अरुंधतियार. त्यांच्याही पुष्कळ घरांत तेलुगूच बोलली जाते. मोटेवांचून मळा नाहीं, तरी मळा त्यांच्या वांट्यास आला नाहीं. पुढें १९३० नंतर पायकारा येथील जलविद्युत् आली, विहिरींवर पंप बसले, कापसाच्या पैशांतून गिरण्या निघाल्या. त्यांत नायडू कुटुंबें अग्रेसर होतीं. मोट गेली, आणि ती शिवणाराचा धंदाही गेला.

हे लोक स्वतः मात्र आपल्या स्थलांतराची कथा निराळी सांगतात. एका सत्ताधीशानें त्यांच्या सुंदर मुलीस मागणी घातली; इभ्रतीसाठीं सारें कुळ रातोरात निघालें. पाठलाग होत असतां नदी आडवी आली, तेव्हां कांठावरचें करंजाचें झाड वांकलें आणि त्यावरून सर्व पैलतीरीं गेले. हीच कथा अनेक तेलुगु जातींत थोड्या फरकानें आढळते, म्हणून ती कोणा एका घराण्याचा इतिहास मानतां येत नाहीं. तरी मी तिला टाकाऊ म्हणणार नाहीं. कां निघालों, हें ती सांगते. तेथेंच कां थांबलों, हें मातीस विचारावें.

कोविलपट्टीजवळील इडैसेवल गांवचे शेतकरी-लेखक कि. राजनारायणन् यांनीं ही कथा ‘गोपल्ल ग्रामम्’ या १९७६ च्या कादंबरींत घेतली. शाळेंत ते फार शिकले नाहींत (आम्हां मास्तरांनीं याचा विचार करावा). घरची भाषा तेलुगु, लिहिलें तें तमिळांत. आणि त्या काळ्या रानांतल्या बोलीचा शब्दकोशही त्यांनींच केला. १९९१ सालीं त्यांना साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. २०२१ मध्यें ते निवर्तले.

२०११ च्या जनगणनेंत तमिळनाडूंत सुमारें ४२ लाख लोकांनीं मातृभाषा तेलुगु लिहविली. तेथें २००६ च्या कायद्यानें शाळांतून तमिळ सक्तीची झाली, तेव्हां तेलुगु शाळा चालविणाऱ्यांनीं तक्रार केली. तक्रार खोटी नव्हती. पण खेड्यांतील शेतकऱ्याच्या घरीं तेलुगु त्यापूर्वींच पुस्तकावांचून नांदत होती. तंजावरच्या मराठी घरांची कथा याहून फार वेगळी नाहीं. आणि तंजावर तरी काय? १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजे तेथें गादीवर बसले तेव्हां दरबारांत पूर्वीच्या नायकांची तेलुगु होती, ती त्यांनीं घालविली नाहीं. त्यांचे पुत्र शहाजीराजे यांनीं स्वतः तेलुगूंत यक्षगानें रचलीं.

कोविलपट्टीस तें दांपत्य उतरलें. फलाटावर नातू आला होता. तो तमिळांत कांहीं विचारीत होता, आजोबा तेलुगूंत उत्तर देत होते, आणि दोघेही पाऊस केव्हां येईल म्हणून वर आभाळाकडे पाहत होते.