अंड्यांच्या ट्रेनं शेजारी झोपत नाहीत

घरात स्टुडिओ थाटणाऱ्या कुणाशीही बोला, पाचव्या मिनिटाला अंड्यांचे ट्रे निघतात. ते भिंतीला चिकटवले की खोली म्हणे साउंडप्रूफ होते. नाही होत! भिंतीवर आदळलेला आवाज काही परततो, काही तिथेच मुरतो, काही पलीकडे जातो. आतलं घुमणं कमी करायला सच्छिद्र, जाड थर लागतो. पलीकडे जाणारा आवाज अडवायला वजन लागतं. भिंतीचं वजन दुप्पट केलं तर गळती साधारण ६ डेसिबलनं घटते. पुठ्ठ्याला वजन असतं तरी किती?

बरं, घुमणं तरी थांबतं का? १०० हर्ट्‌झच्या स्वराची तरंगलांबी जवळपास साडेतीन मीटर. डग्ग्याचा घुमारा याच टापूतला. ट्रेमधले चार-पाच सेंटिमीटरचे खळगे त्याच्या खिजगणतीतही नसतात. वरच्या पट्टीतला कर्कशपणा जरा निवतो आणि मंडळी खूश: ‘बघा, फरक पडला!’ पडला, पण तो खोलीच्या आत.

कशात किती आवाज मुरतो हे मोजण्याची रीत हार्वर्डच्या वॉलेस सॅबिननं १८९५ नंतर बसवली, तीही रात्री-अपरात्री व्याख्यानगृहात गाद्या वाहून आणून. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परतत नाही, म्हणून तिचं शोषण १ धरायचं. त्या हिशेबात गिलावा केलेली विटांची भिंत ०.०२च्या आसपास भरते. घनफळाला (घनमीटरमध्ये) ०.१६१नं गुणा, एकूण शोषणानं भागा, की आवाज विरायला लागणारे सेकंद मिळतात.

‘आता सगळं सॉफ्टवेअर सांगतं’ हा नवा गैरसमज. बरेच प्रोग्रॅम ध्वनीला कॅरमच्या स्ट्रायकरसारखा भिंतींवर आपटवत नेतात. नाट्यगृहात ते चालतं. तीन मीटर लांबीच्या खोलीत मात्र ५७ हर्ट्‌झच्या आसपास पहिला अनुनाद होतो: त्या लांबीच्या बरोबर मध्ये माइक ठेवला तर तो स्वर जवळपास गायब, भिंतीशी दणदणीत. तिथे तरंगाचं समीकरणच सोडवावं लागतं.

पॅनेलच्या माहितीपत्रकात शोषण १.१ दिसलं तर तो चमत्कार नव्हे. चाचणीत नमुन्याच्या कडांमुळे आकडा फुगतो.

जाड पडदा रस्त्यावरचे हॉर्न अडवत नाही.

फोमही ट्रेचाच भाऊ: आत उपयोगी, शेजाऱ्यांसाठी शून्य.

आणि भारी दार बसवलं म्हणजे झालं, असंही नाही. दोन मीटर उंच दाराखाली दोन सेंटिमीटर फट, म्हणजे एक टक्का क्षेत्र उघडं. मग दार शिसवी असो की पोलादी, २० डेसिबलच्या वर अडवणूक जात नाही.