टाळीला टाळी

झिम्मा, फुगडी, दोरीवरच्या उड्या. हे खेळ आपल्याकडे श्रावणात एका रात्रीपुरते बाहेर निघतात आणि दुसऱ्या दिवशी विसरले जातात. त्यांना कुणी कला म्हणत नाही. म्हणूनच न्यू यॉर्कच्या नृत्यदिग्दर्शिका कमील ए. ब्राऊन यांच्या कामाविषयी तुम्हाला, विशेषतः आपल्या कॉलेजातल्या मुलींना, सांगावंसं वाटलं.

ब्राऊन क्वीन्स भागात वाढल्या. २०१५ साली न्यू यॉर्कच्या जॉइस थिएटरमध्ये त्यांचं 'ब्लॅक गर्ल : लिंग्विस्टिक प्ले' आलं. इंटरनेटवर त्याचे तुकडे पाहिले आणि मी थक्कच झाले. रंगमंचावर सहा जणी. दोघी-दोघी समोर येतात, टाळ्यांचे खेळ खेळतात, पायांनी ताल धरतात, चिडवतात, रुसतात, एकमेकींना सावरतात. हळूहळू वय वाढतं. खेळगड्यांच्या मैत्रीपासून आई-लेकीसारख्या मायेपर्यंत हे नातं पोचतं. साथीला फक्त पियानो आणि बेस गिटार.

यातला 'डबल डच' तर पाहण्यासारखा. दोघी जणी दोन लांब दोऱ्या उलटसुलट फिरवतात, तिसरी मधे शिरून उड्या मारते. ताल चुकला की दोरी पायात! फूटपाथवरचा हा खेळ २००९पासून न्यू यॉर्कच्या सरकारी शाळांत अधिकृत क्रीडाप्रकार झाला.

टाळ्यांची मुळं त्याहून खोल आहेत. १७३९ साली साउथ कॅरोलायनात गुलामांनी बंड केलं. ढोलाच्या आवाजाने माणसं जमतात, या भीतीने पुढच्याच वर्षी कायदा करून त्यांचे ढोल बंद केले गेले. ताल मात्र थांबला नाही. मांड्या, छाती, तळहात हीच वाद्यं झाली. त्या प्रकाराला 'जुबा' म्हणतात. कायरा गाँट या अभ्यासिकेने २००६च्या पुस्तकात कृष्णवर्णीय मुलींचे खेळ आणि तिथलं लोकप्रिय संगीत यांचं जवळचं नातं उलगडून दाखवलं. ब्राऊन यांच्या नृत्यामागे त्या पुस्तकाची प्रेरणा आहे.

तिथल्या नाटक-सिनेमांत कृष्णवर्णीय स्त्री बहुधा दोनच रूपांत भेटते. एक तर सगळं सोसणारी खंबीर बाई, नाहीतर सदा संतापलेली. हसरी, हळवी, खोडकर मुलगी त्यात हरवते. ब्राऊन यांनी तिलाच मधोमध आणलं. दुःख दाखवलं की प्रेक्षक हळहळतो, पण खेळ दाखवला की त्याला आपलं बालपण आठवतं आणि समोरची बाई परकी राहत नाही. शिवाय नाच संपला की ब्राऊन आणि त्यांच्या नर्तकी प्रेक्षकांशी गप्पा मारतात. तोही त्यांच्या लेखी प्रयोगाचाच भाग. पुढे २०२२ साली ब्रॉडवेवर एका नाटकाचं दिग्दर्शन आणि नृत्यदिग्दर्शन दोन्ही त्यांनी केलं. कृष्णवर्णीय स्त्रीला असा मान ६५हून अधिक वर्षांनी मिळाला.

त्यांचं सोसणं आणि आपलं सोसणं एकाच मापाने मोजता येणार नाही. पण आपल्या आज्यांनाही रात्रभर जागायची, मोकळं हसायची आणि सासरची गाऱ्हाणी गाण्यातून सांगायची मुभा मंगळागौरीलाच असायची. पिंगा, बसफुगडी, गाठोडं यांत किती बायकांनी आपलं मन हलकं केलं असेल!

आता आपल्या मंडळात काय होतं? नऊवारीतला दहा-बारा जणींचा गट बक्षिसासाठी बसवलेला कार्यक्रम करतो आणि बाकीच्या खुर्च्यांवर बसून मोबाइलवर चित्रण करतात. गट छानच नाचतो, त्यांच्या मेहनतीला नावं ठेवायची नाहीत. पण झिम्म्याला समोर हात लागतो, प्रेक्षक नाही. ब्राऊन यांनी खेळ रंगमंचावर नेला, तरी समोरच्यांना दूर ठेवलं नाही. आपण मात्र तो रंगमंचावर नेऊन निम्म्या बायकांना खाली बसवलं.

वडोदऱ्यात गरब्याच्या फेरात शिरायला कुणाची परवानगी लागत नाही, हे तुम्ही मुली जाणताच. मग या श्रावणात एवढं करा : स्पर्धा झाली की खुर्च्या भिंतीला लावा, काकू-मावशींना हाताला धरून उठवा आणि घरातल्या सगळ्यांत जुन्या बाईला विचारा, "तुमच्या वेळी टाळी कशी होती?"