प्रस्तावना लहान निबंधाची

सातवी-आठवीतील विद्यार्थ्याला कर्मवीर भाऊराव पाटील यांच्यावर दीडशे शब्दांचा निबंध लिहावयाचा असला, की पहिले वाक्य बहुधा ठरलेलेच उतरते : ‘भारतभूमी ही नररत्नांची खाण आहे.’ पुढे चार ओळी भारतभूमीचेच गुणगान चालते. कर्मवीर येतात ते पाचव्या ओळीत. तोवर चाळीस शब्द खर्ची पडलेले असतात. हीच प्रस्तावना टिळकांच्या किंवा महात्मा फुले यांच्या निबंधालाही जशीच्या तशी चिकटवता येते, आणि हाच तिचा दोष होय.

लहान निबंधाच्या प्रस्तावनेस तीन वाक्ये पुरेत. विषय कोणता आणि त्याविषयी आपणास काय म्हणावयाचे आहे, एवढे त्यांतून कळावे. दुसरी गोष्टच अवघड. कारण ती मार्गदर्शिकेत सापडत नाही, विद्यार्थ्याला स्वतः ठरवावी लागते. भाऊरावांच्या जीवनात सांगण्याजोगे विपुल आहे : १८८७ साली कुंभोज येथे जैन कुटुंबात झालेला जन्म, किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री, १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना, वसतिगृहातील मुलांसाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी दिलेले दागिने. हे सारे आरंभीच कोंबले तर नुसती यादी होते. समजा, एखाद्या मुलीला ‘कमवा आणि शिका’ ही योजनाच सर्वांत मोलाची वाटली. मग तिने असे लिहावे :

‘गरिबाच्या मुलाने शिकावे कसे, या प्रश्नाला कर्मवीर भाऊराव पाटील यांनी श्रमाचे उत्तर दिले. त्यांच्या वसतिगृहातील मुले कष्ट करून शिकत. त्या कष्टांतून त्यांना विद्येबरोबर स्वाभिमानही मिळाला.’

येथे जन्मसाल नाही, दागिनेही नाहीत. ते पुढच्या परिच्छेदात शोभतील. वाचणाऱ्याला मात्र दिशा कळली. लिहिणारीलाही आधार मिळाला : जो मजकूर या वाक्यांशी जुळत नाही, तो गाळावा.

घरातील वडीलधारी मंडळी प्रेमापोटी आरंभाची वाक्ये आयती सांगून मोकळी होतात. त्याऐवजी ‘तुला यांचे काय पटले?’ एवढेच विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. दुकानात गिऱ्हाईक खोळंबले असताना हे कठीण खरे! पण मूल बोलता बोलता जे सांगून जाते, त्यातच पुष्कळदा प्रस्तावनेचे पहिले वाक्य दडलेले असते. तरीही सुचले नाही, तर वहीत चार ओळी कोऱ्या सोडून मधला भाग आधी लिहिण्यास काहीच हरकत नाही.