शिंकेचा इशारा

पावसाळा सरत आला की बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाच्या धुरास रस्त्याकडेच्या गाजरगवताची जोड मिळते. घाटाखालच्या आमच्या अनेक वाचकांचे आप्त बेळगावात आहेत. तेव्हा हा विषय त्यांस परका नव्हे. पांढऱ्या फुलांचे हे तण दिसावयास निरुपद्रवी. परंतु त्याचे परागकण ज्यांस सोसत नाहीत, त्यांस शिंकांमागून शिंका येतात, नाक वाहते, डोळे चुरचुरतात. ‘साधी सर्दी’ म्हणून कामगार ती अंगावर काढतो. आमचे सांगणे एवढेच, की ही सर्दी साधी नव्हे.

तिचे मूळ जंतूंत नसून शरीराच्या अतिदक्षतेत आहे. काहींचे शरीर परागकणास शत्रू मानून ‘आयजीई’ नामक प्रतिपिंडे तयार करते. पुन्हा तेच कण नाकात शिरताच अस्तरातील पेशी हिस्टामिन सोडतात. अस्तर सुजते, पाणी वाहते. काही तासांनी रक्तातील अन्य पेशीही तेथे जमतात आणि दाह टिकून राहतो. नाक आणि फुप्फुसे ही एकाच श्वासमार्गाची दोन टोके. म्हणूनच असे नाक असणाऱ्यांत दमा अधिक आढळतो. श्वासनलिका सुजून आवळल्या की छाती घरघरू लागते. त्यात धूर व धूळ म्हणजे आगीत तेलच. अशा वेळी केवळ खोकल्याचे औषध पिणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

सूज उतरविणारी नाकातील फवाऱ्याची व श्वासावाटे घ्यावयाची औषधे वैद्यकीय सल्ल्याने नियमित घ्यावीत. ‘पंपाची सवय लागते’ हा समज घातक आहे. त्यातील औषधाची मात्रा अल्प असते आणि ती थेट सुजेवर पडते.

गाजरगवत मूळचे अमेरिका खंडातले. १९५० च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि पाहता पाहता ते देशभर फोफावले. १९८४ साली बंगळुरात त्यावर मेक्सिकोतील भुंगेरे सोडण्यात आले. त्यांनी हातभार लावला, तण मात्र उरले. हातमोजे घालून, नाकावर फडके बांधून, फुलण्यापूर्वीच ते समूळ उपटणे कारखानदार, महापालिका व नागरिक यांनी मनावर घेतल्यास अशक्य नाही. तण उपटावयाचे ते फुलण्यापूर्वी, आणि उपचार करावयाचे ते छाती घरघरण्यापूर्वी. दोहोंतही दिरंगाई परवडणारी नाही.