टन मोजण्याआधी पाणी मोजू या



राजूरहून भोकरदनकडे जाताना केदारखेड्याला पूर्णा नदी लागते. श्रावणात भरून वाहणारी ही नदी वैशाखात वाळू दाखवते. तिच्या काठी ऊस लावावा की मका, हा प्रश्न आता नुसता घरचा राहिलेला नाही. त्याची दोरी पार दिल्लीपर्यंत गेली आहे.

हवेतील धूर कमी व्हावा आणि परदेशी तेलाचा खर्च वाचावा म्हणून केंद्र सरकारने २०१८ साली जैवइंधन धोरण आणले. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याची मुदत आधी २०३० होती, ती अलीकडे ओढली आणि २०२५ साली देशाने तो टप्पा गाठला. साखर गोदामात पडून राहते, तिच्यात पैसा अडकतो आणि उसाचे बिल लांबते, हे दुखणे सभासदांना ठाऊक आहे. इथेनॉलमुळे त्यावर उतारा मिळाला, हे नाकारता येणार नाही.

पण धोरण देते तसे आवरतेही. २०२३ साली पावसाने ओढ दिली. साखर कमी पडू नये म्हणून ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आली. आठवडाभरात थोडी सवलत मिळाली, पण निर्बंध उठायला ऑगस्ट २०२४ अखेर उजाडली. कर्ज काढून आसवनी उभारणाऱ्या कारखान्यांची त्या हंगामात कोंडी झाली.

दुसरा हिशेब पाण्याचा. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. म्हणजे हवा सुधारते शहराची, आणि तळ दिसतो आपल्या विहिरीचा! लातूरला २०१६ साली रेल्वेने पाणी आणावे लागले, ते मराठवाडा विसरलेला नाही.

मग शेतकरी ऊस का लावतो? पारावर कोणालाही विचारा. "आबा, पाणी पुरंल का?" म्हटले तर उत्तर ठरलेले: "पाणी कमी हाये हे का आम्हाला दिसत नाही? पण उसाचा भाव कायद्यानं बांधलेला हाये. मक्याचं तसं हाये का?"

आबांचे म्हणणे खरे आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये दर ठरला आणि ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याचा नियम आहे. मक्याचा हमीभाव त्याच वर्षी क्विंटलला २,४०० रुपये जाहीर झाला, पण तेवढा भाव देण्याचे बंधन व्यापाऱ्यावर नाही.

इथेच सहकाराचे काम आहे. आपला पट्टा मक्याचा. ऊस वर्षभर, आडसाली तर १६ ते १८ महिने पाणी पितो. खरिपाचा मका पावसावर शंभर-एकशे दहा दिवसांत हाती येतो. केंद्राने मार्च २०२५ मध्ये सहकारी कारखान्यांसाठी व्याज सवलतीची योजना काढली. तिच्यातून मळीवरची आसवनी मक्यावरही चालेल अशी करता येते. गाळप संपल्यावर आसवनी चालू राहिली तर कामगारांना पुढचे काही महिने काम, आणि उरलेला चोथा जनावरांना खाद्य.

मात्र मका घ्यायचा तर उसासारखाच घ्यावा. भाव हमीभावाच्या खाली नको, आणि पैसे चौदा दिवसांत. हे लेखी नसेल, तर शेतकऱ्याने ऊस सोडावा असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

ज्यांचा ऊस राहील त्यांनी ठिबक करावे आणि पाचट पेटवू नये. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघते. ते सरीत राहिले तर ओल टिकते, जमीन सुधारते आणि धूरही होत नाही. तोडणी यंत्रे येत आहेत, तेव्हा कोयत्यावर पोट असलेल्यांच्या कामाचा विचारही त्याच बैठकीत व्हावा. ती माणसे आपल्याच जिल्ह्यातली, शेजारच्या तालुक्यांतली आहेत.

येत्या वार्षिक सभेला येताना प्रत्येकाने आपल्या विहिरीचे उन्हाळ्यातले पाणी, मोटर किती तास चालते आणि उसाखालचे क्षेत्र लिहून आणावे. आधी पाणी मोजू, मग टन मोजू.